जुन्या टीव्हीवरचा पिवळा थर आणि लग्नाच्या कॅसेटी

ज्या घरात कुणीतरी वर्षानुवर्षं रोज सिगारेट किंवा विडी ओढली आहे, त्या घरातला जुना पेटीसारखा टीव्ही ओल्या फडक्याने पुसून बघा. फडक्यावर नुसती करडी धूळ येत नाही. चहाच्या डागासारखा पिवळट, थोडा चिकट थर येतो. ओढणारा माणूस जाऊन दहा वर्षं झाली असली तरी येतो.

माझं पीएचडीचं काम घरातल्या हवेच्या रसायनशास्त्रावर आहे, त्यामुळे या थराबद्दल मला वारंवार विचारलं जातं. प्रश्न साधारण दोन असतात. हा थर अजून अपायकारक आहे का? आणि घरातल्या जुन्या वस्तूंचं, विशेषतः टीव्ही, सोफा आणि लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींचं, काय करायचं? आज दोन्हींबद्दल सविस्तर लिहितो.

आधी शब्द समजून घेऊ. ओढणारा स्वतः आत घेतो तो पहिला धूर. शेजारी बसलेल्यांच्या नाकात जातो तो दुसरा, म्हणजे सेकंडहँड स्मोक. हवा स्वच्छ दिसायला लागल्यावर भिंती, पडदे, गाद्या, कपडे यांच्यावर जे मागे राहतं, त्याला थर्डहँड स्मोक म्हणतात. हा शब्द २००९ साली 'पेडिअॅट्रिक्स' या बालरोगविषयक नियतकालिकातल्या एका लेखामुळे सगळीकडे पोचला. मी त्याला सरळ 'मागे राहिलेला धूर' म्हणतो.

तो मागे का राहतो? निकोटीन हा पदार्थ ना धड वायू, ना धड घन. धुरातून बाहेर पडल्यावर त्याचा मोठा भाग जवळच्या पृष्ठभागांवर जाऊन बसतो, आणि नंतर हळूहळू पुन्हा हवेत सुटत राहतो. म्हणजे भिंत आणि सोफा हे साठवणीचे डबे होतात. धूर बंद झाला तरी डबा रिकामा व्हायला वेळ लागतो. अमेरिकेत सॅन दिएगोच्या संशोधकांनी सिगारेट ओढणाऱ्यांनी सोडलेली घरं तपासली. मध्ये दोन महिने घरं रिकामी होती, साफसफाईही झाली होती. तरी पृष्ठभागांवर निकोटीन सापडलं, आणि नव्याने राहायला आलेल्या, न ओढणाऱ्या लोकांच्या बोटांवरही सापडलं. हा अभ्यास २०११ सालचा.

मग टीव्हीवरच थर जास्त का दिसतो? जुन्या टीव्हीत काचेची पिक्चर ट्यूब असते. रंगीत टीव्हीत त्या ट्यूबला वीस ते तीस हजार व्होल्टचा दाब लागतो. टीव्ही चालू केल्यावर काचेजवळ हात नेला की अंगावरचे केस उभे राहायचे, आठवतंय? तीच स्थिर वीज हवेतले बारीक कण ओढून घेते. शिवाय आतली उष्णता हवा खालून वर खेचते, त्यामुळे मागच्या जाळीतून धूर आतही जातो. आपल्याकडे १९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि घराघरात दिवाणखान्यात विराजमान झाला. घरातली सगळी माणसं जिथे एकत्र बसायची, तिथेच धूरही व्हायचा. रविवारी सकाळी 'महाभारत' लागलं की आमचे अण्णा, म्हणजे आजोबा, टीव्हीपासून चार हातांवर खुर्ची टाकून बसायचे आणि एका भागात दोन सिगारेटी संपायच्या. त्या काळी त्यात कुणाला वावगं वाटत नसे. असं आपल्यापैकी कित्येकांच्या घरी झालेलं आहे.

आता पहिला प्रश्न: हा थर नुसता घाण आहे की अपायकारकही?

खरी गोष्ट इथे सुरू होते. थर नुसता पडून राहत नाही, त्यात रासायनिक क्रिया होत राहतात. गॅसच्या शेगडीच्या ज्वलनातून आणि रस्त्यावरच्या वाहनांमुळे घरातल्या हवेत थोडं नायट्रस आम्ल असतं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०१० साली दाखवलं, की पृष्ठभागावर बसलेलं निकोटीन या आम्लाशी संयोग पावतं आणि नायट्रोसमाइन गटातली संयुगं तयार होतात. त्यांच्या प्रयोगात तीन तासांत या संयुगांचं प्रमाण सुरुवातीच्या दहापट झालं. त्यातलं एनएनके हे संयुग जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात टाकलेलं आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारं. थोडक्यात, सिगारेट विझल्यावरही कारखाना चालू राहतो, आणि त्याला लागणारा दुसरा कच्चा माल आपल्या स्वयंपाकघरातून येतो.

घाबरवण्याचा हेतू नाही. दुसऱ्या धुराच्या दुष्परिणामांबद्दल जेवढा भक्कम पुरावा आहे, तेवढा मागे राहिलेल्या धुराबद्दल अजून जमलेला नाही. जुन्या सोफ्यावर तासभर बसलेल्या पाहुण्याने काळजी करण्याचं कारण नाही. पण रांगणाऱ्या बाळाचा हिशेब वेगळा आहे. ते दिवसभर फरशीवर असतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं. माझ्या बहिणीची मुलगी आता रांगायला लागली आहे आणि अण्णांचा टीव्ही अजून त्याच खोलीत आहे. 'राहू दे रे, त्यांची आठवण आहे,' असं आई म्हणते. म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी नुसता प्रयोगशाळेतला नाही.

'मग बाहेर जाऊन ओढली की झालं' असं म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगतो. जर्मनीतल्या माइन्ट्झ शहरातल्या एका चित्रपटगृहाची हवा संशोधकांनी तपासली. तिथे आत धूम्रपानाला बंदी होती. तरी प्रेक्षक आत येताच तंबाखूच्या धुरातले वायू वाढायचे, कारण ते लोकांच्या कपड्यांवरून आणि अंगावरून येत होते. मोठ्यांच्या सिनेमांना प्रमाण जास्त, कुटुंबाने बघायच्या सिनेमांना कमी. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. गॅलरीत ओढून आत आलेला माणूसही घरात थोडा धूर घेऊनच येतो. आत ओढण्यापेक्षा हे नक्कीच बरं, पण पूर्ण उपाय नव्हे.

आता कॅसेटी. इथे माझं मत टीव्हीच्या बरोबर उलटं आहे: त्या टाकू नका.

व्हीएचएस कॅसेटची फीत साधारण अर्धा इंच रुंद असते. व्हीसीआरमध्ये एक ड्रम सेकंदाला पंचवीस वेळा फिरतो आणि त्यावरचे हेड फितीवरची चुंबकीय लहर वाचतात. या लहरीची लांबी जेमतेम एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हेड आणि फीत यांच्यात लहरीच्या लांबीच्या नवव्या हिश्शाइतकं जरी अंतर पडलं, तरी सिग्नल निम्म्यावर येतो. धुरातले कण साधारण याच मापाचे असतात. त्यामुळे चिकट थर हेडवर जमला की पडद्यावर मुंग्या दिसतात आणि आपण म्हणतो, 'कॅसेट गेली.' बरेचदा कॅसेट गेलेली नसते, हेड घाण झालेला असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात फितीला बुरशी लागते, ती मात्र जास्त गंभीर. ती एका कॅसेटमधून व्हीसीआरमध्ये आणि तिथून दुसऱ्या कॅसेटमध्ये जाते.

घाई करायला हवी, कारण व्हीसीआर आता बनत नाहीत. शेवटची मोठी उत्पादक, जपानची फुनाई कंपनी, २०१६ साली थांबली. चालू यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात, दोन्ही कमी होत चालले आहेत.

तर माझा सल्ला असा:

१. कॅसेटची खिडकी उजेडात धरून बघा. फितीच्या कडेला पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालूच नका, जाणकाराकडून साफ करून घ्या.

२. कॅसेटवरचं रेकॉर्डिंग चुकून पुसलं जाऊ नये म्हणून कडेची छोटी प्लॅस्टिकची पट्टी मोडलेली आहे ना, ते तपासा. नसेल तर मोडा.

३. कॅसेटची डिजिटल प्रत करा, आणि ती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. मूळ कॅसेट कोरड्या जागी, उभी ठेवा.

४. टीव्ही घरी उघडू नका. बंद असला तरी ट्यूबमध्ये धक्का बसण्याइतकी वीज साठलेली असू शकते. काचेत शिसं असतं, म्हणून फोडणाऱ्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.

५. सोफा, गाद्या, पडदे यांत मुरलेला धूर धुऊन पूर्ण जात नाही. लहान मूल असेल तर ते बदला. गुळगुळीत पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा पुसा. अत्तर किंवा रूम फ्रेशनरने वास झाकला जातो, थर तसाच राहतो.

जुन्या वस्तूंना हात लावायचा म्हटलं की घरात वाद होतात. आठवण वस्तूत आहे असं वाटतं, आणि काही प्रमाणात ते खरंही आहे. त्या टीव्हीजवळ गेलं की येणारा 'अण्णांचा वास' हे रसायनशास्त्राच्या भाषेत अजून सुटत असलेले धुरातले रेणूच आहेत. पण आत्याच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ते मांडवाच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला 'जेवल्याशिवाय जायचं नाही हं' असं बजावताहेत. त्यांचा आवाज आमच्याकडे तेवढाच आहे, चौदा सेकंदांचा. तो आवाज जपायला हवा. तो थर बाळाच्या हाताला लागायला नको. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच कपाटाशेजारी असल्या, तरी त्या वेगळ्या करता येतात, आणि यंत्रं मिळताहेत तोवर त्या केलेल्या बऱ्या.