वाटून घेतलेली टंचाई

अवर्षण म्हणजे काय, हे आमच्या शेतकरी बंधूंस नव्याने सांगावयास नको. आणेवारीच्या निमित्ताने दप्तर काखोटीस मारून आम्ही वर्षानुवर्षे शिवारे तुडविली, तेव्हा एकच देखावा पुनःपुन्हा दृष्टीस पडे. पाटाच्या मुखाशी ऊस डोलत असे आणि त्याच पाटाच्या शेवटास गव्हाच्या ओंब्या पोचट राहत. पाऊस दोघांवर सारखाच रुसलेला. परंतु घर मात्र एकाचेच मोडे. यावरून आमचे असे मत झाले आहे की, गाव दुष्काळाने जितके खचते, त्याहून अधिक ते तोट्याच्या विषम वाटणीने खचते.

या दुखण्यावरील औषध आपल्याच मुलखातले आहे. बागलाणात मोसम व आरम या नद्यांवर आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर कित्येक पिढ्या फड पद्धती चालत आली. नदीस बंधारा घालून पाटाने पाणी घ्यावयाचे, भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा तीन-चार फड पाडावयाचे आणि एका फडात एका हंगामास एकच पीक घ्यावयाचे, अशी तिची रीत. खुबी ही की, पुष्कळ खातेदारांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असे. पाणी अपुरे असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवीत. म्हणजे तोटा सर्वांस आणि भिजल्या फडाचे पीकही सर्वांस. पाणी देणे हे पाटकऱ्याचे काम. खातेदाराने आपल्या हाताने पाट फोडावयाचा नाही. सफाई मात्र सर्वांनी मिळून करावयाची.

पुढे वरच्या अंगास धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि पुष्कळ फड मोडले. तथापि त्यांतील तत्त्व मोडले नाही. वाघाड धरणाच्या पाटाचे पाणी शेवटी ओझरपर्यंत धड पोहोचत नसे. तेथे बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या खटपटीने १९९० नंतर लवकरच शेतकऱ्यांच्या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यावे, आपसांत वाटावे आणि पट्टी संस्थेनेच गोळा करावी, असे ठरले. पुढे सबंध वाघाड प्रकल्पावर अशा संस्था झाल्या. आणि २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदाही राज्यात झाला.

कोणी म्हणेल, द्राक्षबाग एक हंगाम कोरडी ठेवता येत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच फड जशाचा तसा परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु पावसाळा सरताच धरणातील साठा कळतो. त्याच वेळी गावाने एकत्र बसून, प्रत्येकाने किती क्षेत्र भिजवावे व किती सोडावे, हे ठरवून कागदावर घ्यावे. आणि पहिले पाणी शेवटच्या शेतास द्यावे. टंचाई अंगावर आल्यानंतर भरलेल्या सभेत भांडणच होते, वाटणी होत नाही, हा आमचा अनुभव आहे.