ऑडिटच्या आठवड्यापुरती शिस्त

मी उमेदवारी केली त्या कंपनीत ऑडिट जवळ आलं की न सांगता कळायचं. कॉफी मशीनपाशी शुकशुकाट व्हायचा आणि तीन महिन्यांपूर्वी झालेल्या (कधी कधी न झालेल्याही) रिव्ह्यूची मिनिट्स त्या आठवड्यात लिहिली जायची. मीही लिहिली आहेत. त्यामुळे ‘प्रोसेस’ म्हटलं की पुण्यातल्या प्रोग्रामरला आधी कागद दिसतात, यात त्याची फारशी चूक नाही. पण शिस्त म्हणजे कागद, हा गैरसमजच आहे आणि तो आम्हीच रुजवला.

ही ‘प्रोसेस’ मुळात कशासाठी आली? अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअर वेळेवर मिळत नव्हतं, मिळालं तर धड चालत नव्हतं. म्हणून १९८४ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एक संस्था उभी राहिली. आयबीएममध्ये २७ वर्षं काढून वॉट्स हम्फ्री १९८६ मध्ये तिथे आले. त्यांच्या विचारांतून १९९१ मध्ये ‘सीएमएम’ची (कॅपेबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल) पाच पायऱ्यांची चौकट आकाराला आली. नव्वदीच्या अखेरीस भारतीय कंपन्यांनी पाचव्या पायरीसाठी धाव घेतली, तीही सकारण. हजारो मैलांवरून काम देणाऱ्या ग्राहकाला इथे आत काय चालतं हे दिसत नव्हतं. भरवसा ठेवायला त्याला काहीतरी हवं होतं.

मात्र ‘लेव्हल ५ म्हणजे बगमुक्त’ असं जे पुढे पसरलं, त्याला आधार नाही. ती पायरी कामाच्या रीतीला मिळते, हातात पडलेल्या प्रोग्रामला नाही. या पायरीवर सर्वांत आधी पोचलेल्यांपैकी एक होता अमेरिकेच्या स्पेस शटलचं सॉफ्टवेअर लिहिणारा ह्यूस्टनचा गट. १९९६ मध्ये त्याच्याविषयी छापून आलेले आकडे असे: ४ लाख २० हजार ओळींचा प्रोग्राम, शेवटच्या तीन आवृत्त्यांत प्रत्येकी एक चूक, शेवटच्या अकरांत मिळून १७. थक्क करणारे आकडे, पण शून्य नव्हेच. चूक सापडली की ‘कोणी केली?’ एवढ्यावर तिथे कुणी थांबत नसे. ती आपल्या नजरेतून निसटली कशी, हे शोधून ती फट बुजवत आणि तशीच चूक आणखी कुठे लपली आहे का, हेही बघत. आणि ही मंडळी साधारण पाचला घरी जायची! रात्री दोनपर्यंत जागणं म्हणजे कामावरची निष्ठा, असं समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

‘सॉफ्टवेअरचा अंदाज बांधताच येत नाही’ हे वाक्य तर मी दर रिलीजला ऐकतो. गंमत म्हणजे ते म्हणणारा माणूस रोज कोथरूडहून हिंजवडीला येतो. किती वेळ लागेल विचारा. तो नकाशावरचं अंतर सांगणार नाही. ‘आठच्या आत निघालो तर पाऊण तास, पाऊस असेल तर दीडही’ असं सांगेल. रोजच्या अनुभवावरून बांधलेला, कमाल-किमान धरून सांगितलेला अंदाज तो हाच. हम्फ्रींनी १९९५ च्या पुस्तकात प्रत्येक प्रोग्रामरला हेच करायला लावलं: किती वेळ लागेल वाटलं होतं, किती लागला, चुका कुठे शिरल्या, कुठे सापडल्या, हे सगळं स्वतःच स्वतःसाठी टिपायचं. वहीतला हा हिशोब मॅनेजरने पगारवाढीला जोडला, की त्यात खरं काही उरत नाही.

काम रखडलं की ‘माणसं वाढवा’. आयबीएमच्या मोठ्या प्रकल्पात पोळलेल्या फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्येच सांगितलं, की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं ओतली तर उशीर वाढतो. पाच जणांत बोलणाऱ्या जोड्या होतात दहा, दहा जणांत पंचेचाळीस. लग्नात ऐनवेळी वाढपी वाढवता येतात. मसालेभाताच्या एका पातेल्याभोवती चार आचारी उभे केले तर भात लवकर शिजत नाही.

‘आम्ही अजाइल, आम्हाला प्रोसेस नको’ असं म्हणणाऱ्यांनी २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्डला १७ जणांनी केलेला जाहीरनामा शेवटपर्यंत वाचावा. आराखडे आणि दस्तऐवजांचं मोल तो नाकारत नाही, फक्त अग्रक्रम ठरवतो. त्या १७ जणांतल्या केंट बेकच्या पद्धतीत तर आधी टेस्ट आणि मग कोड, तेही जोडीने बसून. याहून कडक शिस्त कुठली?

आणि ‘क्वालिटी क्यूए (टेस्टिंगवाले) बघतील’ हा आणखी एक समज. मायकेल फेगनने १९७६ मध्येच दाखवून दिलं होतं, की कोड चालवण्याआधी चार जणांनी बसून नीट वाचला तर चुका लवकर सापडतात आणि स्वस्तात निस्तरता येतात. प्रोग्राम न चालवता त्यातले दोष हुडकणाऱ्या साधनांवर तर पुण्यातच, टाटांच्या १९८१ साली सुरू झालेल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात, वर्षानुवर्षं संशोधन झालं. टेस्टर चूक दाखवून देतो. कोडमध्ये ती आधीच जाऊन बसलेली असते.

आमच्या सकाळच्या स्टँडअपमध्ये पूर्वी एकच प्रश्न असायचा: ‘किती टक्के झालं?’ उत्तर ठरलेलं, नव्वद. पुढच्या सोमवारीही नव्वदच. आता विचारतो, ‘कालपासून काय तपासून संपलं?’ पहिले काही दिवस कुणीच काही बोललं नाही.