ॲल्युमिनियमच्या होडीची डागडुजी : वस्तू, कसब आणि शब्द

एखाद्या प्रदेशात नवी वस्तू येते तेव्हा तिचे नाव बहुधा तिच्याबरोबरच येते. पण ती मोडली म्हणजे दुरुस्तीला लागणारे शब्द त्या प्रदेशातील जुन्या कसबांकडूनच उसने घ्यावे लागतात. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या देशावरील भागात ॲल्युमिनियमची जुनी होडी नीट करणे व ती वाहून नेण्यासाठी ट्रेलर बांधणे, हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. धातूच्या होड्या बांधण्याची परंपरा येथे नाही. भांडी घडविणारे तांबट, बैलगाडी बांधणारे सुतार-लोहार आणि उसाच्या ट्रॉल्या जोडणारे वेल्डर यांची कसबे मात्र आहेत. ही तिन्ही कसबे एका होडीपाशी एकत्र येतात तेव्हा कोणता शब्द नियमासारखा उपयोगी पडतो व कोणता दिशाभूल करतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या दिशाभुलीची किंमत केवळ शाब्दिक नसते. सांधा सुटलेली होडी खोल पाण्यात माणसांसह भरते.

जिल्ह्यातील मोठे जलाशय तसे अलीकडचे. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. राहुरी तालुक्यातील मुळा धरण, म्हणजे सव्वीस अब्ज घनफूट पाणी साठविणारा ज्ञानेश्वरसागर, आणि पैठणचे जायकवाडी धरण, ज्याचा फुगवटा नेवासे व शेवगाव तालुक्यांत पसरतो, ही दोन्ही १९७०-८० या दशकातील. पाणी नवे असले तरी पाणी ओलांडण्याचे शब्द मात्र फार जुने आहेत. याच जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सातव्या अध्यायातील मायानदीच्या विस्तृत रूपकात सांगड, तारू, कास असे तरण्याच्या साधनांचे शब्द एकापाठोपाठ येतात. सांगड म्हणजे एकत्र बांधलेल्या दोन डोण्या, ओंडके किंवा भोपळे. संस्कृत ‘संघाट’, प्राकृत ‘संघाड’ असा तिचा मार्ग आहे. आज ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार विद्यापीठीय लेखनात सर्रास आढळतो, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाणी नसते. ‘कास धरणे’ याचेही तेच. पट्टीच्या पोहणाऱ्याच्या कासोट्याला धरून पैलतीर गाठणाऱ्या माणसाचे ते चित्र आहे. वस्तू लोप पावली की शब्द वाक्प्रचारात आश्रय घेतो, हा सामान्य अनुभव होय. पुढे जो ‘उलाळ’ शब्द यावयाचा आहे, तो आज नेमका या उंबरठ्यावर उभा आहे.

या जलाशयांवर मासेमारी करणारे लोक आजही पुष्कळदा थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळे टाकतात. लाकडाच्या, लोखंडी पत्र्याच्या व फायबरच्या होड्याही असतात. (भीमा-कृष्णाकाठी गुळाची काहीलही होडीचे काम करते. धातूच्या भांड्यात बसून नदी ओलांडण्याची कल्पना देशावर अगदीच परकी नाही, एवढेच त्यावरून म्हणता येईल.) ॲल्युमिनियमचा गुण असा की लोखंडाच्या मानाने त्याचे वजन सुमारे एकतृतीयांश भरते. धरणाचे पाणी उन्हाळ्यात दूर मागे सरते आणि कालचा काठ आज माळ होतो, अशा ठिकाणी हा गुण लहान नव्हे. होडीला पाण्यामागे जावे लागते. म्हणून दुरुस्तीबरोबरच ट्रेलरचा प्रश्न येतो. शिवाय मुरमाड, खडकाळ काठावरून ओढली गेल्याने होडीचा तळ घासतो व तळाचे रिव्हेट सैल होतात. दुरुस्तीला येणाऱ्या होडीचे मुख्य दुखणे बहुधा हेच असते.

धातूच्या नावापासूनच गुंतागुंत सुरू होते. ग्रामीण मराठीत ॲल्युमिनियमला ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ म्हणतात. जर्मनचे पातेले, जर्मनचा डबा. हे नाव ‘जर्मन सिल्व्हर’ या व्यापारी नावाशी जोडले जाते, आणि जर्मन सिल्व्हर तर तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू. त्यात ॲल्युमिनियम मुळीच नसते. पांढऱ्या, स्वस्त भांड्यांमुळे एका धातूचे नाव दुसऱ्यावर गेले. स्वयंपाकघरात या अर्थांतराने काही बिघडत नाही. होडीच्या बाबतीत मात्र तांब्याला लागू पडणारी रीत ॲल्युमिनियमला लावली की काम फसते.

पातळ पत्र्याच्या रिव्हेट केलेल्या होडीचे कूळ विमानाचे आहे. अमेरिकेतील ग्रमन या विमानकंपनीने दुसरे महायुद्ध संपताना, १९४५ च्या सुमारास, विमानाच्या पत्र्याचे तंत्र वापरून ॲल्युमिनियमच्या डोंग्या बनविण्यास प्रारंभ केला. पत्रा पत्र्यावर चढवून रिव्हेटच्या ओळीने जोडणे, हे वस्तुतः शिवणकामच. मराठीतील ‘डागडुजी’ या शब्दात फारसी ‘दोजी’, म्हणजे शिवण, हा घटक उघड दिसतो. ‘जरदोजी’त तोच आहे. रिव्हेटच्या होडीला हा शब्द जितका यथार्थ बसतो, तितका भिंतीच्या गिलाव्याला बसत नाही.

दुरुस्तीचा प्रारंभ गळती शोधण्यापासून होतो. होडी भक्कम आधारांवर उंच ठेवून आत थोडे पाणी ओततात आणि बाहेरून जेथे थेंब दिसेल तेथे खूण करतात. होडी काठोकाठ भरण्याचा मोह टाळावा लागतो. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो असते, आणि तळाला बाहेरून पाण्याचा दाब मिळावा अशा हिशेबाने बांधलेला पत्रा आतल्या भाराने फाकतो. बैठकीखाली भरलेला फेसाळ भराव ओला झाला असल्यास तो काढून टाकणे भाग असते. त्याने होडीचे वजन वाढते, आणि ओलसर भराव, चिखल वा गोणपाट पत्र्याला दीर्घकाळ चिकटून राहिल्यास त्याखाली पांढरी भुकटी धरून पत्र्याला खड्डे पडतात. ॲल्युमिनियमवर हवेने जो सूक्ष्म ऑक्साइडचा पापुद्रा येतो तोच त्याचे रक्षण करतो. हवा न पोचता ओल राहिली की ते संरक्षण ढासळते. सिमेंटचा वा चुन्याचा ओला स्पर्शही त्याला सोसत नाही.

सैल रिव्हेट पुन्हा बसविण्यास दोन माणसे लागतात. एकाने आतून जड लोखंडी ठोकळा ऐरणीसारखा दाबून धरावयाचा आणि दुसऱ्याने बाहेरून ठोके द्यावयाचे. भोक मोठे झाले असल्यास त्यात एक माप मोठा ॲल्युमिनियमचाच रिव्हेट घालतात. पोचे काढण्याचे काम मात्र तांबटाचे. तांब्याचे भांडे ठोक्याठोक्याने घट्ट व सारखे करण्याला ‘मठारणे’ म्हणतात. हलक्या, पुष्कळ ठोक्यांनी पत्रा हळूहळू सरळ करण्याचे हे ज्ञान जसेच्या तसे होडीला लागू पडते. ज्याने मठारकाम पाहिले आहे तो पोच्यावर एकच जोराचा घाव घालणार नाही.

परंतु त्याच कसबातील ‘डाख’ येथे उपयोगी पडत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्याला कथील-शिशाचा डाख देऊन सांधा बंद करतात. ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा पापुद्रा हा डाख नीट धरू देत नाही, आणि धरलाच तर दोन भिन्न धातूंचा ओला संयोग पुढे सांधा खातो. भिन्न धातूंच्या या वैराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १८९५ साली अमेरिकेत बांधलेली ‘डिफेंडर’ ही शर्यतीची नौका. पाण्याखाली कांसे, वर ॲल्युमिनियम आणि आतून पोलादी फासळ्या अशी तिची रचना होती. तिने शर्यत जिंकली, पण खाऱ्या पाण्यात तिचे ॲल्युमिनियम झपाट्याने झिजले व १९०१ मध्ये ती मोडीत निघाली. धरणाच्या गोड्या पाण्यात ही क्रिया मंद असते, एवढाच फरक. पितळी स्क्रू, तांब्याचा अंश असलेला रंग, लोखंडी रिव्हेट ही सारी याच कारणाने वर्ज्य ठरतात.

तिसरे कसब वेल्डरचे. १९५० साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढे कारखान्यांबरोबर उसाच्या ट्रॉल्या बांधणारी दुकाने जिल्हाभर पसरली. त्यांतील कारागिराचा हात लोखंडावर बसलेला असतो. तापलेले लोखंड लाल होते, मग पिवळे होते. रंगावरून त्याची अवस्था कळते. ॲल्युमिनियम असा इशारा देत नाही. ते ६६० अंश सेल्सिअसला वितळते, त्यावरचा पापुद्रा मात्र दोन हजार अंशांवर जाईपर्यंत टिकतो. परिणामी वरून घट्ट दिसणारा पत्रा आत पाणी झालेला असतो आणि क्षणात भोक पडते. म्हणून चिरलेला पत्रा आर्गॉन वायूच्या आवरणात, ॲल्युमिनियमसाठी जुळविलेल्या यंत्रानेच जोडावा लागतो. रिव्हेटच्या ओळीजवळ वेल्डिंग केल्यास तेथील लांबी जळते व नवी गळती सुरू होते. रंगाचीही तीच कथा. लोखंडाला लावावयाचा रेड ऑक्साइड या धातूवर नीट धरत नाही. आधी पत्रा खरवडून त्यासाठीचा प्रायमर द्यावा लागतो.

आता ट्रेलर. येथे बैलगाडीचे शब्द जवळजवळ अबाधित चालतात: आस, वंगण, धुरा. भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी पृथ्वीला दिलेला आसही गाडीचाच. या सर्वांत मोलाचा शब्द ‘उलाळ’. गाडीत भार मागे अधिक झाला की जू वर उचलते व बैलांच्या मानेला गळफास बसू लागतो. अशी गाडी ‘उलाळ’ झाली म्हणतात. भार फार पुढे असेल तर तो बैलांच्या मानेवर पडतो. म्हणून जाणता गाडीवान भार असा रचतो की जुवावर थोडा, सोसवेल इतका दाब राहावा. ट्रेलरच्या अभियांत्रिकीचा पहिला नियम हाच आहे. एकूण वजनाच्या सुमारे दहावा भाग दांडीच्या टोकाशी, म्हणजे ओढणाऱ्या वाहनाच्या हुकावर, पडला पाहिजे. होडी, इंजिन व ट्रेलर मिळून ३०० किलो भरत असतील आणि हुकापासून आस तीन मीटरवर असेल, तर गुरुत्वमध्य आसाच्या तीस सेंटिमीटर पुढे आला की हुकावर तीस किलो येतात. ‘गुरुत्वमध्य’ हा शब्द हिशेब करण्यास आवश्यक आहे. पण चूक काय झाली हे ज्याला एका शब्दात सांगावयाचे आहे, त्याला ‘उलाळ’च हवा.

होडीच्या बाबतीत ही चूक सहज घडते, कारण इंजिन होडीच्या अगदी मागच्या फळीवर टांगलेले असते. लांबीचा मध्य व वजनाचा मध्य एक नसतात. वजनाचा मध्य शोधण्याचा सोपा मार्ग असा की इंजिनासह होडी जाड गोल पाइपावर आडवी ठेवून ती तोलून राहीपर्यंत पुढेमागे सरकवावी. ट्रेलरच्या सांगाड्याचे वजन अशाच रीतीने वेगळे पाहून मगच आस कायम जोडावा.

तथापि या शब्दाची एक मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. बैलगाडी ताशी चार-पाच किलोमीटर चालते. त्या वेगात उलाळ झालेली गाडी बैलांना छळते, रस्ता सोडत नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाने ओढला जाणारा उलाळ ट्रेलर मात्र डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागतो, आणि ते झोके वाढत जाऊन ओढणाऱ्या वाहनालाही फिरवू शकतात. जुन्या शब्दात दोषाचे कारण अचूक आहे, परिणामाची ही जात त्याला ठाऊक नाही. ट्रॉलीच्या दुकानात हा शब्द शिकविताना एवढी जोड द्यावयास हवी.

‘वंगण’ शब्दाचेही तसेच. बैलगाडीला ते घर्षणासाठी असते. होडीच्या ट्रेलरला ते पाणी बाहेर ठेवण्यासाठीही हवे. लांबून आल्यावर चाकाचे तुंबे तापलेले असतात. तशा अवस्थेत ट्रेलर पाण्यात उतरविला की आतील हवा आकसून पाणी आत ओढले जाते व बेअरिंग गंजतात. काठावर पोचल्यावर थोडा वेळ थांबून मग होडी उतरवावी, आणि वंगण पांढुरके झालेले दिसल्यास ते सारे बदलावे. होडी टेकावयाच्या फळ्यांना तांबेयुक्त औषध चोळलेले लाकूड वापरू नये, लोखंडी कोनही उघडा ठेवू नये. त्यावर रबर वा नायलॉन हवे. शेवटी कायद्याचा भाग. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ‘मोटार वाहन’ या संज्ञेत ट्रेलरचाही समावेश केला आहे, त्यामुळे मोटार नसलेल्या या गाड्याचीही नोंदणी करावी लागते.

होडी पाण्यात सोडण्यापूर्वी दोन चाचण्या उरतात. पहिली म्हणजे रिकामी होडी काठाला बांधून तासभर तरंगत ठेवणे व तळाशी कोरडे फडके फिरवून पाहणे. दुसरी जुन्या गाडीवानाची: होडी चढविलेल्या ट्रेलरची दांडी हुकातून सोडवून हाताने उचलून पाहणे. ती एका माणसाला थोड्या कष्टाने उचलता यावी. ती आपणहून वर जात असेल तर ट्रेलर उलाळ आहे. होडी पुढे सरकवून पुन्हा पाहावे.