समर्पक शब्द म्हणजे कोणता?

दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचे रसग्रहण विचारतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन अंगांनी ते लिहायचे असते. बेलवलीतील एका विहारात रविवारी संध्याकाळी आम्ही मुलांचा अभ्यास घेतो. तेथे एका मुलीने आपली वही आमच्यापुढे ठेवली. कविता होती ज. वि. पवार यांची ‘तू झालास मूक समाजाचा नायक’. 2018 सालच्या कुमारभारतीत ती आली. कवी दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक. आमचा ऊर भरून आला, आणि वही वाचताच ओसरला.

‘कवीने अत्यंत समर्पक शब्दांत उदात्त आशय व्यक्त केला आहे. भाषा ओघवती व प्रभावी आहे.’ हीच वाक्ये शेजारच्या मुलाच्या वहीत होती, तीही दुसऱ्याच कवितेखाली! गाईडची कृपा, दुसरे काय. आम्ही विचारले, “समर्पक शब्द कोणता, तेवढा दाखव.” मुलगी गप्प.

उल्हासनगरच्या कोर्टात उभे राहून ‘आमच्या अशिलाची बाजू उदात्त व प्रभावी आहे’ एवढेच म्हणून आम्ही खाली बसलो तर चालेल काय? म्हणणे मांडावे लागते, कागद दाखवावा लागतो आणि त्या कागदावरून म्हणणे कसे सिद्ध होते तेही सांगावे लागते. रसग्रहणाच्या परिच्छेदाचे असेच आहे. एक विधान, त्याला कवितेतलाच शब्द, आणि त्या शब्दाने नेमके काय घडले याचा उलगडा. हा उलगडाच मुले गाळतात. ओळ उतरवून काढली की काम झाले असे त्यांना वाटते.

आम्ही म्हटले, कविता राहू दे, नुसते शीर्षक घे. बराच वेळ बघून ती म्हणाली, “काका, इथं बाबासाहेबांना ‘तू’ म्हटलंय. आपण तर ‘तुम्ही’ म्हणतो.” घरात कोणी ‘तू’ म्हणते का? “आज्जी. तिच्या जात्यावरच्या ओव्यांत भीमाला ‘तू’च असतं.” सापडला पुरावा! आईला आपण ‘तू’ म्हणतो, तेव्हा आदर कमी होत नाही, अंतर कमी होते. मग ‘झालास’ पाहिले. नायक कोणी नेमला नाही, तो झाला; म्हणजे काहीतरी करून झाला. बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 रोजी निघाले. त्या नावाची कवीने फोड केली आणि मधोमध ‘समाजाचा’ हा शब्द बसवला. पत्राच्या नावात जो समाज न बोलता उभा होता, तो उघड झाला. चार-पाच शब्दांत एवढे निघाले, कविता तर अजून पुढेच होती.

दोष एकट्या गाईडचा नाही. आमच्या जयंतीच्या भाषणांतूनही मुले ‘महामानव’, ‘क्रांतिसूर्य’ ही विशेषणे उचलतात आणि रसग्रहणात ओततात. बाबासाहेब स्वतः असे वाचत नसत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ 1957 साली प्रसिद्ध झाला, त्याची प्रस्तावना उघडून पाहा. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरेची कथा. बाबासाहेबांचा प्रश्न असा की, गृहत्यागाच्या वेळी वय 29. मग तोवर या नेहमीच्या गोष्टी त्याच्या दृष्टीस पडल्याच नव्हत्या काय? परंपरेनेच दिलेले वय घेऊन परंपरेची कथा त्यांनी तपासली. कथा टिकली नाही, तेव्हा रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला तंटा हे कारण ग्रंथात पुढे ठेवले.

पुढच्या रविवारी मुलीने परिच्छेद आणला. सहा ओळी, त्यात आज्जी होती. “आज्जीचं लिहिलं तर गुण कापतील का?” आम्ही सांगितले, परीक्षकाला हवे ते तीन मथळे ठेव आणि आज्जीला भाषिक वैशिष्ट्यांत घाल. शेवटी ‘समर्पक’ होताच. या खेपेस त्याच्यापुढे लिहिले होते: ‘झालास’.