अकरा वाव पाणी

सागरतळरचना मी कित्येक वर्षं फळ्यावर शिकवली. भूखंडमंच, खंडान्त उतार, सागरी मैदान, गर्ता. खडूची एकच रेघ, पायऱ्या उतरत गेलेली. संगणक कक्षात गूगल अर्थ उघडायला लागल्यापासून ती रेघ काढताना माझा हात अडतो.

विजयदुर्गापासून पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकती रेघ ओढायची, ती समुद्रतळाला टेकवायची आणि खोलीचा आलेख उघडायचा. मुलांना वाटतं, बंदराबाहेर पडलं की खोल दरी. आलेख मात्र किती तरी वेळ हळूहळूच उतरतो. शंभरेक किलोमीटरवर मध्येच उंचवटा येतो. ती आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. माथ्यावर जेमतेम २० मीटर पाणी आणि त्याखाली प्रवाळ. पलीकडे आलेख कड्यावरून पडावा तसा कोसळतो.

हा कडा आलेख उभा ताणल्यामुळे दिसतो. ते पटायला कागदाची पट्टी लागते. एक मीटर पट्टी म्हणजे १०० किलोमीटर. याच प्रमाणात खोली दाखवा म्हटलं की वर्ग गप्प होतो, कारण १०० मीटर खोली भरते एक मिलिमीटर. पेन्सिलीला कितीही टोक काढलं तरी आंग्रियावरचं पाणी रेघेच्या जाडीतच बुडून जातं.

नकाशा मोठा करत गेलं की गुळगुळीत तळावर सरळ पट्टे दिसतात. ‘सर, हे रस्ते काय?’ या प्रश्नाची मी दरवर्षी वाट बघतो. जहाज ध्वनिलहरी सोडत गेलं, तेवढाच पट्टा खरा मोजलेला. बाकीचा बहुतेक तळ म्हणजे उपग्रहांवरून बांधलेला अंदाज: बुडालेल्या डोंगराच्या गुरुत्वाकर्षणाने वरचं पाणी किंचित फुगतं, तो फुगवटा मोजून. सीबेड २०३० हा जागतिक प्रकल्प २०१७ पासून चालू आहे. २०२५ पर्यंत जगाच्या सागरतळाचा चौथ्या हिश्श्याहून थोडाच जास्त भाग मोजून झाला होता. मोजलेलं कुठलं आणि अंदाजाचं कुठलं, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी ओळखावं, यासाठीच मी त्यांना संगणकापुढे बसवतो.

यंदा आंग्रियाशी थांबलो होतो, तर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, आजो सांगता, थंय अकरा वावांत दोरी टेकता.’ वाव म्हणजे साधारण १.८ मीटर. फळ्यावर गुणाकार केला. वीसला जरासा कमी.

दुसऱ्या दिवशी तो आजोबांची शिसं बांधलेली दोरी घेऊन आला. व्हरांड्यात त्याने हात पसरून वाव मोजले, बाकीच्यांनी मोठ्याने आकडे म्हटले. अकरावा वाव भरला तेव्हा शिसं पार त्या टोकाला, आठवी ‘ब’च्या दाराशी पोचलं होतं.