रक्तदाबाची गोळी आणि उदास मन

1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये परळच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीपासून केलेल्या गोळ्या देऊन मिळालेले निष्कर्ष त्यात होते. रक्तदाब उतरवणारे खात्रीचे औषध जगात त्या वेळी जवळपास नव्हतेच. म्हणूनच या निबंधाची दखल युरोप-अमेरिकेत घेतली गेली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले, 1954 मध्ये न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी तेच तीव्र मनोरुग्णांवर वापरले आणि 1957 मध्ये मानाचा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाला. एकाने ते रक्तदाबासाठी वापरले होते, दुसऱ्याने मनोविकारासाठी. परळमध्ये सुरू झालेल्या या कहाणीचा अर्थ आजच्या रुग्णसेवेने पुरता पचवलेला नाही, असे मला वाटते. शरीराचे औषध वेगळे आणि मनाचे वेगळे ही वाटणी रुग्णालयाच्या सोयीची आहे. औषध ती पाळत नाही.

रिसर्पिन काम कसे करते ते पाहिले की हे पटते. नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही संदेशवाहक द्रव्ये मज्जातंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. रिसर्पिन या गोदामाचा दरवाजाच बंद करते. माल आत जात नाही, बाहेर पडल्यापडल्या विकरांच्या तावडीत सापडून नष्ट होतो आणि साठा हळूहळू संपतो. रक्तवाहिन्यांजवळच्या तंतूंतला साठा संपला की वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. नाकातल्या वाहिन्याही सैलावतात, म्हणून नाक चोंदते. नाडीही मंदावते. मेंदूतला साठा संपला की सुस्ती येते, हालचाल जडावते. 1954 पासूनच मोठे डोस दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांत खोल नैराश्य दिसल्याचे अहवाल येऊ लागले. उतरलेला रक्तदाब, चोंदलेले नाक आणि मंदावलेले मन यांच्या मुळाशी एकच रासायनिक घटना होती.

याच सुमारास क्षयरोगाकडून उलटा पुरावा आला. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयप्रोनियाझिड हे क्षयावरचे नवे औषध घेणारे रुग्ण फुप्फुसे पुरती बरी होण्याआधीच उत्साही दिसू लागले. हे औषध त्या संदेशवाहकांचा नाश रोखत होते. पुढे क्लाइन यांनीच ते नैराश्यावर वापरले. रक्तदाबाच्या औषधाने मन खचते आणि क्षयाच्या औषधाने उभारी धरते, या दोन निरीक्षणांतून नैराश्याचा पहिला जैवरासायनिक सिद्धान्त आकाराला आला. 1957 मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिनने निपचित पडलेले ससे, ज्यापासून शरीरात डोपामिन बनते ते एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. पार्किन्सनच्या उपचाराची वाट तिथून निघाली आणि 2000 साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

रिसर्पिन आता क्वचितच दिले जाते, पण प्रश्न जुना झालेला नाही. परळपासून जवळच असलेल्या शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयासारख्या ठिकाणी औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर सायक्लोसेरिन वापरतात. त्याने नैराश्य, क्वचित भ्रमही येऊ शकतो. चक्करीवर आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी सिनारिझिन आणि उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड या गोळ्या डोपामिनचा मार्ग अडवतात. त्या महिनोन्महिने चालू राहिल्या तर वृद्धांचे हात कापू लागतात, चाल आखडते. मग पार्किन्सनचे निदान होऊन आणखी एक गोळी वाढते. सर्दीवरच्या जुन्या पिढीतल्या गोळीने सत्तरीतल्या माणसाची लघवी तुंबते आणि त्याला रात्री भ्रमही होतो. उलट दिशेनेही तेच घडते: मनोविकारावरच्या ओलान्झपिनने वजन आणि साखर वाढते, लिथियमचा परिणाम थायरॉइड आणि मूत्रपिंडावर होतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा गुडघेदुखीसाठी वेदनाशामक सुरू झाली, तर रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. सार्वजनिक रुग्णालयात अशा रुग्णाचे केसपेपर दोन असतात, ओपीडीचे वार दोन असतात, आणि दोन्हींकडची औषधे एकाच पोटात जातात.

म्हणून गोळीचे शरीरावर आणि मनावर काय परिणाम होऊ शकतात हे रुग्णाला सांगावे, त्याला ते विचारावेत आणि त्यांची नोंद ठेवावी. यावर पहिला आक्षेप असा की, हे सारे रुग्णाला सांगितले तर तो घाबरून गोळ्याच सोडेल. भीती रास्त आहे. रक्तदाबाची गोळी सोडल्याने पक्षाघात ओढवू शकतो. 1967 मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने रक्तदाबावरचे उपचार जीव वाचवतात हे प्रथम ठामपणे दाखवले, आणि त्या उपचारात रिसर्पिनही होते. पण न सांगितल्याने गोळ्या सुटत नाहीत असे नाही. मन का खचले हे न कळलेला माणूस कोणाला न विचारता गोळ्या बंद करतो. कारण ठाऊक असलेला डॉक्टरांकडे जातो. दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे: नैराश्य तसेही सर्वत्र आढळते, मग दोष गोळीचाच कशावरून? रिसर्पिन आणि नैराश्याचा संबंध समजला गेला तितका पक्का नाही, असे नंतरच्या आढाव्यांनीही म्हटले आहे. मान्य. म्हणूनच तर नोंदी हव्यात. अशा औषधांचा परिणाम चढायला दिवस-आठवडे लागतात आणि उतरायलाही. त्यामुळे रुग्णाला एकट्याने दुवा जुळवता येत नाही. तिसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो: झाडपाल्याचे औषध बाधत नाही. सर्पगंधा झाडपाल्याचीच होती. 1931 मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवर उपयोगी असल्याचे लिहिले होते. ज्या मुळीत गुण देण्याची ताकद आहे तिच्यात बाधण्याचीही असणारच.

ओपीडीच्या गर्दीत एवढे विचारायला वेळ कुठे, हा चौथा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर डॉक्टरांच्या चांगुलपणावर सोडता येणार नाही. ते काम औषधनिर्मात्याकडे आणि परिचारिकेकडेही सोपवावे लागेल. परळला याची परंपरा आहे: औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या 2004 च्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमात देशातल्या दोन विभागीय केंद्रांपैकी एक केईएमच्या चिकित्सा औषधशास्त्र विभागात होते. 2010 पासूनच्या नव्या कार्यक्रमात रुग्ण स्वतःही 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवू शकतो. तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, काढे आणि चूर्णेही पिशवीत घालून न्या. नवी गोळी सुरू झाल्यापासून झोप, चाल, भूक किंवा मन बदलले असेल तर ते तारखेसह सांगा, आणि विचारल्याशिवाय कोणतीही गोळी बंद करू नका.