डाखाची नवी भट्टी

बेळगावास भट्टी नवी नाही. उद्यमबागेतील ओतकामाच्या कारखान्यांत लोखंडाचा रस १४०० अंशांच्या आसपास ओततात. इलेक्ट्रॉनिक्सचा लघुउद्योग काढू पाहणाऱ्या आपल्या तरुणांस मात्र २५० अंशांची भट्टी शिकावी लागते, आणि आमच्या मते तीच अधिक नाजूक आहे. तिला रिफ्लो ओव्हन म्हणतात.

वीज येताच शेतावरील मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्टार्टर निपाणीकडील शेतकरी बंधूंच्या परिचयाचा आहे. अशा यंत्रांच्या पोटातील सर्किट बोर्डावर हल्ली मोहरीएवढे भाग बसवितात. हाताने एकेकास डाख देत बसणे परवडत नाही. म्हणून छिद्रे पाडलेल्या पातळ पत्र्यातून बोर्डावर सोल्डर पेस्ट ओढतात, तीवर भाग मांडतात व बोर्ड भट्टीत घालतात. पेस्टमध्ये डाखाची बारीक भुकटी आणि फ्लक्स असतो. कल्हईवाल्याचा नवसागर जे काम करतो तेच फ्लक्सचे, म्हणजे धातूवरील मळ काढणे. कथील ६३ व शिसे ३७ टक्के असा जुना डाख १८३ अंशांस वितळे. युरोपात १ जुलै २००६ पासून बहुतेक विद्युत मालात शिशास बंदी झाली, तेव्हापासून कथील, चांदी व तांबे यांचा डाख रूढ झाला. तो २१७ अंशांच्या पुढे वितळतो.

या नव्या डाखासाठी प्रथम सेकंदास एक ते तीन अंशांनी ताप वाढवावा. पुढे १५० ते २०० अंशांमध्ये एक-दोन मिनिटे रेंगाळू द्यावे, म्हणजे लहानमोठे भाग सारखे तापतात. मग २४० अंशांच्या आसपास नेऊन लगेच उतरवावे. २१७ च्या वर पाऊण ते दीड मिनिट पुरे.

येथेच नवशिका फसतो. भट्टीच्या काचेवर दिसणारा आकडा बहुधा आतील हवेचा असतो, बोर्डाचा नव्हे. जड भाग मागे राहतो, कडेचा हलका भाग पुढे धावतो. यास्तव एक निकामी बोर्ड घेऊन त्याच्या कडेस, मध्यभागी व सर्वांत जड भागाशी थर्मोकपल चिकटवावे आणि त्या आकड्यांवर भट्टी लावावी. बोर्ड बदलला की पुन्हा मोजावे. हा खटाटोप ज्यास कंटाळवाणा वाटतो, त्याने हा धंदा करू नये असे आम्ही स्पष्ट म्हणतो. अर्धवट वितळलेला सांधा कारखान्यात चालतो आणि शेतावर, ऐन पाण्याच्या पाळीत, दगा देतो.

वीजदाबही पाहावा. २३० च्या जागी २०० व्होल्ट आले की हीटरची शक्ती पाऊणपटीवर येते. कालची मांडणी मग आज लागू पडत नाही.

एखादा भाग एका टोकावर उभा राहिला, तर त्याच्या दोन टोकांखालचा डाख एकाच वेळी वितळला नाही, किंवा पेस्ट कमीजास्त पडली, असे समजावे. भोवती डाखाचे बारीक गोळे उडाले असतील तर पेस्टला ओल लागल्याचा संशय घ्यावा. आपल्याकडील पावसाळ्यात हे विशेष. शीतपेटीतून काढलेली पेस्टची डबी झाकण न उघडता काही तास बाहेर ठेवावी, नाहीतर आत दव धरते.

बिनशिशाचा सांधा मुळातच किंचित मंद दिसतो. चकाकी नाही म्हणून तो नापास करू नये. डाख पायावर चढून पसरला आहे, की गोळा होऊन बसला आहे, हे भिंगातून पाहावे.